रुळावर धावणारी करवत

पुण्या-मुंबईत एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचे काम चालू असले की जिन्यातच त्याचा कर्कश आवाज कानावर येतो. आत हॉलमध्ये आठ बाय चारची प्लायची शीट दोन घोड्यांवर आडवी टाकलेली असते. तिच्यावर सी-क्लॅम्पने ॲल्युमिनियमचा सेक्शन आवळलेला असतो आणि त्याला मशीन टेकवून सुतार कापत कापत पुढे सरकत असतो. मशीन असते मार्बल कटर. मुळात ते फरशी आणि ग्रॅनाइट कापण्यासाठी केलेले, चार इंची, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे. त्याच्यावर लाकडाचे दातेरी पाते चढवले की काम सुरू. हलके, स्वस्त आणि कुठल्याही गल्लीत दुरुस्त होणारे हे मशीन. आपल्याकडची असंख्य कपाटे आणि स्वयंपाकघरे त्यानेच कापली आहेत.

या कामाला कसब लागते. पण ते कसब खर्च कशावर होते, हे पाहण्यासारखे आहे. मशीनच्या तळपट्टीची कड आणि पाते यांतले अंतर दर वेळी हिशेबात धरून सेक्शन तेवढा मागे लावावा लागतो. आठ फूट कापेपर्यंत मशीन सेक्शनला सारखे दाबून धरावे लागते. हात जरा सैल पडला की चीर वाकडी जाते. शिवाय मायका लावलेल्या शीटच्या कडेने कपच्या उडतात त्या वेगळ्याच. म्हणून माप एक-दोन सूत जास्त ठेवायचे, मग रंधा मारायचा, मग लिपिंगची पट्टी लावून कड झाकायची. ट्रॅक सॉ नावाच्या मशीनने नेमक्या याच अडचणींवर उत्तर काढले. त्या उत्तरात मोटरचा वाटा थोडा आहे, खरे काम ट्रॅक करतो. मशीन विकत घेणारे मात्र बहुधा मोटरपासून विचार सुरू करतात आणि ट्रॅकवर शेवटी येतात.

हातात धरायची विजेची गोल करवत उसाच्या फडातून आली, ही गोष्ट महाराष्ट्रात तरी आवर्जून सांगायला हवी. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड मिशेलने मजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिले आणि त्या कोयत्याला मोटर जोडण्याच्या खटपटीला तो लागला. १९२४च्या सुमारास त्यातून जे यंत्र उभे राहिले ते उसापेक्षा लाकडालाच जास्त लागू पडले. जोसेफ सलिव्हन या व्यावसायिकाने त्याच्याशी भागीदारी केली, यंत्र ‘स्किलसॉ’ या नावाने बाजारात आले आणि १९३७ साली आलेल्या त्याच्या ‘मॉडेल ७७’ने अमेरिकेतल्या घरबांधणीत कायमची जागा मिळवली. करवत फळीपर्यंत जाऊ लागली, पण रेष सरळ ठेवण्याची जबाबदारी हातावरच राहिली.

जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने त्याआधीच, १९०६ साली, नेमकी उलट वाट धरली होती. पाते जागेवर पक्के आणि फळी सरकत्या टेबलावर. मॉड्युलर किचनच्या कारखान्यांत आज दिसणाऱ्या पॅनल सॉचे मूळ तेच. कापाची अचूकता वाखाणण्यासारखी, पण आठ फुटी शीट उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ आणि पलीकडे आठ फूट मोकळी जागा लागते. मशीन उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा तर प्रश्नच नाही.

या दोन वाटा जोडल्या गेल्या नेकार नदीच्या खोऱ्यात. १९२५ साली आल्बर्ट फेत्सर आणि गोटलीब श्टोल यांनी एसलिंगन इथे एक कंपनी सुरू केली; दोघांच्या आडनावांतून ‘फेस्टो’ हे नाव तयार झाले. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले इंजिनिअर हे नाव ओळखतात ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांमुळे. पण तिची सुरुवात लाकूडकामाच्या यंत्रांची, आणि १९६२ साली हातातल्या गोल करवतीसाठी मार्गदर्शक ट्रॅक तिने बाजारात आणला. २००० साली हत्यारांचा विभाग ‘फेस्टूल’ म्हणून वेगळा झाला. याच नदीकाठच्या ओबर्नडॉर्फची माफेल, मग बॉश, माकिता, डिवॉल्ट असे एकेक जण या क्षेत्रात उतरले. आज युरोपात किराणा दुकानांची साखळी असलेल्या लिडलमध्येही स्वतःच्या ‘पार्कसाइड’ नावाखाली ट्रॅक सॉ विकायला असतो.

हा ट्रॅक जवळून पाहावा असा आहे. ॲल्युमिनियमची रुंद, चपटी पट्टी. तिच्या पाठीवर लांबीभर एक उभा कणा. मशीनच्या तळाला खाच असते, ती या कण्यावर बसते. खाचेतली ढिलाई काढायला तळावर दोन स्क्रू असतात. ते असे पिळायचे की मशीन पुढे-मागे लोण्यासारखे सरकावे, पण डावी-उजवीकडे तसूभरही हलू नये. ट्रॅकच्या पोटाला मऊ रबरी पट्ट्या असतात. शीटवरचा भुसा पुसून ट्रॅक ठेवला की त्या घट्ट धरतात, बहुतेक कापांना क्लॅम्पही लागत नाही. लागलाच तर खालच्या खोबणीत सरकवता येतो, त्यामुळे तो मशीनच्या वाटेत येत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची असते ती कडेला चिकटवलेली प्लास्टिकची किंवा रबराची काठपट्टी. नवा ट्रॅक येतो तेव्हा ही पट्टी गरजेपेक्षा थोडी रुंद असते. पहिल्यांदा मशीन चालवले की पातेच तिला कापते, आणि त्या क्षणापासून पट्टीची कड म्हणजे पात्याची नेमकी वाट ठरते. यानंतर तळपट्टीपासूनच्या अंतराचा हिशेब उरत नाही. पेन्सिलीच्या दोन खुणा करायच्या, पट्टीची कड त्यांच्यावर ठेवायची आणि कापायचे. ट्रॅकखाली असलेला तुकडा कामाचा. चिरेची रुंदी, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, पलीकडच्या तुकड्यातून जाते. ट्रॅक एकाचा आणि मशीन दुसऱ्याचे असे झाले किंवा वेगळ्या जाडीचे पाते लावले की हा मेळ बिघडतो. मग पट्टी बदलून नव्याने कापून घ्यावी लागते. म्हणूनच मोठ्या कार्यशाळांत एका ट्रॅकवर एकच मशीन चालवण्याची शिस्त पाळतात.

याच पट्टीमुळे कपच्याही थांबतात. हातातल्या गोल करवतीचे दात पुढच्या बाजूने खालून वर येतात आणि बाहेर पडताना वरचा थर उचकटतात. साध्या करवतीने कापताना शीटची चांगली बाजू खाली ठेवतात ती यासाठीच. ट्रॅक सॉमध्ये दात जिथून बाहेर पडतात तिथेच काठपट्टी शीटला दाबून बसलेली असते, त्यामुळे चांगली बाजू वर ठेवून, खुणा डोळ्यांसमोर ठेवून कापता येते. ठिसूळ मायका किंवा विनियर असेल तर आधी दोन-तीन मिलिमीटर खोल एक हलकी चीर मारतात आणि मग पूर्ण खोलीने दुसऱ्यांदा जातात. माकिताच्या एसपी ६००० या मॉडेलमध्ये या पहिल्या चिरेसाठी वेगळी खटकीच दिली आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते वॉर्डरोबच्या शटरवर पाहता येईल. प्लायची शीट जमिनीवर थर्माकोलच्या जाड तक्त्यावर आडवी टाकायची. घोड्यांवर टाकलेल्या शीटचा कापलेला भाग खाली झुकतो आणि चीर मिटून पाते अडकते. तक्त्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. अठरा मिलिमीटरच्या प्लायसाठी पाते खाली दोन-तीन मिलिमीटरच बाहेर यावे. मशीनवरचा आकडा ट्रॅकची जाडी धरून आहे की सोडून, हे आधी पाहून घ्यावे. धरलेली नसेल तर चार-पाच मिलिमीटर वाढवावे लागतात. शीटची कारखान्यातून आलेली कड सरळच आहे असे गृहीत धरू नये. प्रथम एक लांब कड ट्रॅकवर छाटून घ्यायची आणि पुढची सगळी मापे तिच्यापासून घ्यायची. काटकोन तपासायला कर्ण मोजायचे. २४४० बाय १२२० मिलिमीटरची शीट खरोखर काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण २७२८ मिलिमीटर भरतात. एका मिलिमीटरचाही फरक आला तर तो शटर बसवताना फटीत दिसतो.

ट्रॅकचा सरळपणा तपासणे त्याहून सोपे आहे. कडेने एक लांब रेष ओढायची, ट्रॅक फिरवून रेषेच्या दुसऱ्या बाजूला ठेवायचा आणि तीच कड लावून पुन्हा रेष ओढायची. ट्रॅकमध्ये बाक असेल तर दोन रेषांमध्ये तो दुप्पट होऊन दिसतो.

बंद मशीनचे पाते तळाच्या वर, आवरणात लपलेले असते. खटका दाबून मोटर पूर्ण वेगात आली की मशीन खाली दाबायचे. पाते तेव्हाच लाकडात उतरते आणि हात सैल केला की परत आवरणात जाते. म्हणून शीटच्या मधोमधही काप सुरू करता येतो, उदाहरणार्थ सिंकसाठी चौकोन काढताना. पण सगळ्यांत जास्त सावधगिरी इथेच हवी. पात्याचा तळ पुढच्या दिशेने फिरत असल्यामुळे लाकडाला लागताच मशीन मागे, सुताराच्या अंगावर रेटले जाते. त्यासाठी ट्रॅकवर मशीनच्या मागे अडसर बसवावा, शरीर पात्याच्या रेषेतून बाजूला ठेवावे आणि पाते सावकाश उतरवावे. फेस्टूल आणि डिवॉल्टच्या मशीनमध्ये पात्यामागे एक स्थिर पोलादी पाती असते, ती चीर मिटू देत नाही. माकिताच्या एसपी ६००० मध्ये ती नाही. अंतर्गत ताण असलेले सागाचे किंवा शिसवीचे भरीव लाकूड वारंवार चिरणाऱ्याने हा फरक मनावर घ्यायलाच हवा.

भुशाबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एमडीएफ कापणाऱ्या पोराच्या तोंडाला फार तर रुमाल बांधलेला असतो. ट्रॅक सॉचे पाते आवरणात असल्यामुळे व्हॅक्यूमची नळी जोडली की बहुतेक भुसा जागीच ओढला जातो. शीटची कड नुसती खरवडून काढताना मात्र आवरण एका बाजूने उघडे पडते आणि भुसा बाहेर उडतो, तेव्हा मास्क हवाच. या मशीनचा इतर काही फायदा झाला नाही, तरी एवढ्यासाठी ते घ्यावे, इतका हा मुद्दा मोठा आहे.

आता निवडीचे. पहिला प्रश्न ट्रॅकचा, कारण ट्रॅक एकदा घेतला की पुढची मशीन त्यालाच धरून घ्यावी लागतात. फेस्टूल आणि माकिता यांचे ट्रॅक एकमेकांच्या मशीनना चालतात. फक्त मशीन तिरपे करून कापताना ते कलंडू नये म्हणून माकिताने ठेवलेली सोय फेस्टूलच्या ट्रॅकवर लागू पडत नाही. बॉश आणि माफेल यांचा ट्रॅक एक. डिवॉल्टचा वेगळा, दोन्ही कडांनी वापरता येणारा. लांबीही नीट ठरवावी. पाते लाकडात शिरण्याआधी मशीन ट्रॅकवर पूर्ण बसलेले असावे लागते, म्हणून आठ फुटांच्या शीटला आठ फुटी ट्रॅक पुरत नाही. तीन मीटरचा अखंड ट्रॅक सर्वांत खात्रीचा, पण तो लिफ्टमध्ये मावत नाही. साइटवर फिरणारे चौदाशे मिलिमीटरचे दोन ट्रॅक जोडतात आणि प्रत्येक जोडणीत लांब सरळ पट्टी टेकवून सांधा तपासतात.

दुसरा खर्च पात्यावर करावा. १६० किंवा १६५ मिलिमीटरच्या पात्याला प्लाय आणि मायकासाठी अठ्ठेचाळीसच्या आसपास दात हवेत. भरीव लाकूड उभे चिरताना बारा-चौदा दातांचे पाते लावावे. जास्त दातांच्या पात्याने तिथे लाकूड करपते. मरीन प्लायमधली कडक राळ धार लवकर मारते. पण पाते बोथट वाटले की ते आधी धुऊन पाहावे. पुष्कळदा दातांवर राळेचा थर बसलेला असतो, धार शाबूत असते.

मोटरचा विचार यानंतर. पंचावन्न मिलिमीटर खोल कापणारी बाराशे-चौदाशे वॉटची मशीन घरगुती फर्निचरला पुरून उरतात. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवल्यावर घासणारी दारे खालून छाटायची असली तरी ती चालतात, आणि दाराच्या खालच्या कडेची कपची उडू न देता हे काम दुसऱ्या कुठल्याही मशीनने इतके स्वच्छ होत नाही. पंचेचाळीस अंशांत कापताना मात्र खोली चाळीस मिलिमीटरच्या आसपास येते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मशीन मागवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथले वायरवाले मशीन १२० व्होल्टचे असते, ते आपल्या २३० व्होल्टवर थेट चालत नाही, आणि लांब ट्रॅक विमानाच्या सामानात बसत नाही.

काही कामे या मशीनची नाहीतच. दोन इंचांच्या लिपिंगच्या पट्ट्या एकामागून एक काढायच्या असतील तर ट्रॅकला टेकायला पुरेशी जागाच उरत नाही. शेजारी त्याच जाडीचा तुकडा आधाराला ठेवावा लागतो आणि वेळ जातो. अशा कामाला टेबल सॉ बरा.

ज्यांना आज एवढा खर्च झेपत नाही त्यांनी निदान ट्रॅकचे तत्त्व तरी उचलावे. साध्या गोल करवतीसाठी सहा मिलिमीटर प्लायची एक लांब पट्टी घ्यावी, तिच्यावर कारखान्याची सरळ कड असलेली दुसरी अरुंद पट्टी चिकटवून स्क्रूने पक्की करावी. करवतीचा तळ त्या पट्टीला टेकवून एकदा शेवटपर्यंत कापत न्यावे. खालच्या प्लायची जादा रुंदी छाटली जाते आणि पात्याची नेमकी कड तयार मिळते. भुसा ओढण्याची सोय यात नाही आणि करवत पट्टीला दाबून धरणे हाताकडेच राहते. पण अंतराचा हिशेब संपतो, वरच्या कपच्या बऱ्याच कमी होतात, आणि खर्च येतो तो उरलेल्या प्लायच्या तुकड्याचा.