घर गेलं, दिवाळखोरीही झाली. मग दुसरं कर्ज कोणाच्या डोक्यावर?

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून माझ्या मामेभावाचा, दादाचा फोन आला. आवाज पडलेला. "अरे, वसुलीवाले ६०,००० डॉलर मागतायत. हप्ते बांधून टाकू का?"

आधी मागची गोष्ट. दादाच्या घरावर दोन कर्जं होती, एक मुख्य आणि दुसरं त्याच घराच्या तारणावर नंतर काढलेलं. २००९ मध्ये नोकरी गेली. २०१० मध्ये त्याने 'चॅप्टर सेव्हन' दिवाळखोरी घेतली. २०१२ मध्ये पहिल्या बँकेने फोरक्लोजर केलं. आपल्याकडे 'लोन फोरक्लोज केलं' म्हणजे मुदतीआधी फेडलं. तिकडे अर्थ उलटा: हप्ते थकले म्हणून बँकेने घर लिलावात काढलं!

आता नीट ऐका. गृहकर्जात दोन गोष्टी असतात. एक, तुमचं वचन: 'मी पैसे फेडीन.' दुसरी, घरावरचा बोजा. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो ना, तसाच. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मरतात. सगळा घोळ इथेच होतो.

चॅप्टर सेव्हनमध्ये कोर्टाचा डिस्चार्ज आदेश मिळाला की वचन संपतं. तुमच्या पगाराला, बँक खात्याला कोणी हात लावू शकत नाही. पण बोजा घरावर राहतो. घराची किंमत पहिल्या कर्जापेक्षाही कमी असली, तरी चॅप्टर सेव्हनमध्ये दुसऱ्या कर्जाचा बोजा पुसता येत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलंय.

फोरक्लोजरमध्ये उलटं होतं. पहिल्या बँकेने दुसऱ्या बँकेलाही दाव्यात घेऊन घर रीतसर विकलं, की मागचा बोजा निघतो. पैसे आधी पहिलीला, उरले तर दुसरीला. पण वचन उरतं! दिवाळखोरी घेतलेली नसेल, तर दुसरी बँक त्या वचनावर दावा लावू शकते.

दादाचं वचन २०१० मध्ये संपलं, बोजा २०१२ मध्ये. मग उरलं काय? काहीच नाही. अशी जुनी कर्जं वसुलीवाले स्वस्तात विकत घेतात आणि घाबरून कोणी भरतंय का ते बघतात.

अपवाद आहेत हं. दिवाळखोरीच्या वेळी 'हे कर्ज मी फेडीनच' असा रीअफर्मेशन करार केला असेल, तर वचन जिवंत राहतं. आणि घर विकलंच गेलं नसेल, तुम्ही तिथेच राहत असाल, तर बोजाही जिवंत. भाव वाढले की असा विसरलेला बोजा उठून बसतो. तिकडे त्याला 'झॉम्बी' म्हणतात.

मी दादाला सांगितलं: फोनवर काहीही कबूल करू नकोस. त्यांची पहिली लेखी नोटीस आली की ३० दिवसांत लेखी हरकत घे आणि कर्जाचा पुरावा माग. सोबत डिस्चार्ज आदेशाची प्रत जोड. तरी थांबले नाहीत, तर दिवाळखोरीचा वकील गाठ. आदेश मोडणाऱ्याला कोर्ट दंड करू शकतं.

दादाने वकिलाला कागद दाखवले, पत्र गेलं. परवा त्याचा मेसेज आला, "काल रात्री झोप लागली."

तुमचं कोणी तिकडे असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!