स्टिअरिंग जड होते तेव्हा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून एखादी पिकअप गाडी रात्री माळशेज घाटाने वाशीकडे निघते. तिचे स्टिअरिंग जड असेल तर सकाळपर्यंत चालकाचे खांदे भरून येतात. एखाद्या वळणावर गाडी अपुरी वळण्याचा धोका असतो तो वेगळाच. गॅरेजमध्ये नेल्यावर "बॉक्स गेला" असा निकाल पुष्कळदा ऐकायला मिळतो. हा निकाल महागडा असतो आणि अनेकदा चुकीचाही. खरे कारण बहुधा फार स्वस्त असते. ते शोधण्याची रीत मात्र वर्गात शिकवण्याजोगी आहे, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

पहिली पायरी म्हणजे टायरमधील हवा. येथे एक चांगला प्रश्न उभा राहतो. घर्षणबल संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते, असे आपण शिकवतो. हवा कमी झाली तर टायर अधिक पसरतो एवढेच. गाडीचे वजन तेच राहते. मग स्टिअरिंग जड का व्हावे?

याचे उत्तर एका विटेने मिळते. वीट आधी आडवी ठेवा, मग तिच्या लहान तोंडावर उभी करा. दोन्ही वेळा तिला काठी आडवी बांधा आणि काठीच्या दोन टोकांना बांधलेल्या दोऱ्या दोन विद्यार्थ्यांना विरुद्ध दिशांना ओढायला सांगा. वीट सरकणार नाही, जागच्या जागी फिरेल. आडवी वीट फिरवायला उभ्या विटेच्या सुमारे दुप्पट जोर लागतो. घर्षणबल बदललेले नसते, पण ते फिरण्याच्या अक्षापासून लांबवर पसरलेले असते. म्हणजे वाढते ते घर्षणाचे आघूर्ण.

आता टायरकडे वळू. समजा पुढच्या एका चाकावर ५०० किलो भार आहे. हवा ३५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग स्थूलमानाने २०० चौ. सेंमी. होतो. हवा २० पौंडांवर उतरली की तोच भाग ३५० चौ. सेंमी.पर्यंत जातो. क्षेत्र पावणेदोन पट झाले तर भुजा त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.३ पट वाढते. जागेवर चाक वळवायला तेवढा, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश जादा जोर लागणार. गाडी चालू लागली की टायर लोळत लोळत वळतो, घासत नाही. म्हणूनच थोडी पुढे सरकताच गाडी हलकी वाटते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग पिळण्याची सवय त्यामुळेच वाईट.

हवा ठीक असूनही स्टिअरिंग जड असेल तर दोष शोधायची पद्धत गणपतीच्या दिव्यांच्या माळेसारखीच. मधोमध तपासायचे आणि निम्मी माळ बाजूला काढायची. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढची दोन्ही चाके जॅकने उचला आणि खाली भक्कम आधार द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आता इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवून पाहा. ते सहज फिरले, तर सांधे आणि बॉक्स बहुधा निर्दोष आहेत. टायर, चाकांचे कोन किंवा पॉवर स्टिअरिंग यांकडे पाहावे. हवेतही ते जड असेल, तर कोठेतरी काहीतरी घासते आहे. मिस्त्रीकडून चाकांकडे जाणारा दांडा सोडवून घ्या. आता स्टिअरिंग हलके फिरले, तर कोरडे पडलेले बॉल जॉइंट किंवा किंग पिन दोषी. तरीही जड असेल, तर बॉक्स किंवा वरच्या दांड्याचा गंजलेला सांधा. बॉक्सचे नाव घ्यायचे ते येथे आल्यावर. अनेकदा ग्रीसच्या पंपानेच काम भागते.

चाकांच्या कोनांपैकी एक लक्षात ठेवण्याजोगा आहे. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तसाच मोटारीत चाक वळण्याचा अक्ष किंचित मागे कललेला असतो. त्यामुळे चाक आपोआप सरळ होते. हा कल प्रमाणाबाहेर गेला, तर चाक वळायला नाखूश होते. मागच्या बाजूला जादा माल भरून गाडी मागे बसली की असेच घडते. शोभेसाठी बसवलेल्या बाहेर निघणाऱ्या रिमा वळण्याच्या अक्षापासून टायर दूर नेतात. त्यांचा भारही हातांवरच येतो.

राहिले पॉवर स्टिअरिंग. इंजिनावर चालणारा पंप तेलावर दाब देतो आणि ते तेल चाके वळवायला मदत करते. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये अशी योजना मोटारीवर बसवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ साली क्रायस्लरने आणली. इंजिन मंद असताना स्टिअरिंग जड आणि वेग वाढवताच हलके होत असेल, तर सैल पट्टा किंवा थकलेला पंप संशयित. पूर्ण वळवताना पट्टा किंचाळत असेल, तर शंकाच नको. टाकीतील तेल कमी असेल किंवा त्याला फेस आला असेल, तर गळती शोधावी. त्यात ब्रेक ऑइल मात्र कधीही घालू नये. रबरी सील खराब होतात. विजेच्या मोटरीवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असेल, तर आधी फ्यूज, बॅटरी आणि इशाऱ्याचा दिवा पाहावा.

मदत बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक दुवा कायम असतो. गाडी वळते, फक्त जोर फार लागतो. पण डिझेल वाचवण्यासाठी काही चालक घाटउतारावर इंजिनच बंद करतात. तेव्हा तेलाचा पंप थांबतो, ब्रेकची मदतही एकदोन वेळा दाबल्यावर संपते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूपच लागू शकते. सारा भरलेला माल तेव्हा चालकाच्या दोन हातांवर आणि एका पायावर येतो.