हवेची वाट कोरडी ठेवताना

पावसाळ्यात सह्याद्रीतला ओढा ओलांडताना जीपचं इंजिन पाण्याने बिघडतं ते बहुतेकदा हवेच्या वाटेने. वायरिंग भिजलं तर वाळवता येतं. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं, तर मात्र इंजिन खोलायची वेळ येते.

इंजिनाची ओढ किती असते ते आधी पाहू. दोन लिटरचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा आत घेतं. मिनिटाला २००० फेरे धरले, तर मिनिटाला सुमारे २००० लिटर. टर्बो असेल तर त्याहून जास्त. ही हवा घेणारं तोंड बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरच्या आत असतं. पाणी तिथवर पोचलं की ते हवेबरोबर सरळ आत ओढलं जातं.

अशा चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला अर्धा लिटर हवा येते. डिझेल इंजिनात ती साधारण सतरा पट दाबली जाते, म्हणजे पिस्टन अगदी वर आला की त्याच्या डोक्यावर जेमतेम ३० मिलिलिटर जागा उरते. हवा दबते, पाणी दबत नाही. दोन मोठे चमचे भरून पाणी त्या जागेत मावतं. त्याहून जास्त शिरलं की पिस्टन वाटेतच अडतो. क्रँकशाफ्ट खालून रेटतच राहतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. पेट्रोल इंजिनात दाब कमी, त्यामुळे ही जागा थोडी मोठी, एवढाच फरक.

यावरचा उपाय म्हणजे स्नॉर्कल: हवेचं तोंड उचलून छताच्या उंचीवर नेणारी नळी. तोंड वर नेणं सोपं आहे. तिथून इंजिनापर्यंतची सगळी वाट हवाबंद ठेवणं हे खरं काम, आणि नेमकं तेच राहून जातं. बाजारात तर नुसते शोभेचे स्नॉर्कलही मिळतात. बाहेर नळी दिसते, पण आत ती कशालाच जोडलेली नसते. असा स्नॉर्कल मला धोक्याचा वाटतो, कारण त्याच्या भरवशावर माणूस खोल पाण्यात उतरतो.

म्हणून बसवताना प्रत्येक सांधा पाहा. फेंडरमधून आलेली नळी एअर फिल्टरच्या डब्याला नीट क्लॅम्प लावून बसली आहे का? डब्याच्या झाकणाचं रबर सपाट आहे का? त्या डब्याच्या तळाला बहुधा पाणी निघून जायला भोक किंवा रबरी झडप असते. डबा बुडाला की तिथूनच पाणी वर ओढलं जाऊ शकतं, तेव्हा तिथे पक्की झडप किंवा बूच हवं. फेंडर कापल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेला रंग लावायला विसरू नका, नाहीतर तिथून गंज धरतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवा आणि स्नॉर्कलचं तोंड प्लायच्या तुकड्याने क्षणभर झाका. वाट हवाबंद असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं. निवांत चालत राहिलं, तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय. जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरणार.

पाऊस स्नॉर्कलच्या तोंडात जाईल ही भीती बऱ्याच जणांना असते. चांगल्या स्नॉर्कलच्या डोक्यात थेंब बाजूला पडून बाहेर निघायला खाचा असतात. त्या चिखलाने बुजू देऊ नका.

आता एक आकडा नीट पाहा. २०२० मध्ये आलेल्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा सांगते. फोर्स गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच बसून येतो, तरी तिची मर्यादा ७०० मिलिमीटर. तोंड छताजवळ असूनही फक्त एवढंच, कारण अल्टरनेटर, वायरिंग, दरवाजे, एक्सल हे सगळं खालीच राहतं. शिवाय पाणी चढलं की गाडी तरंगू लागते आणि टायरची पकड सुटते. फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात तर याहून कमी खोलीतही गाडी ढकलली जाते.

पाण्यात हळू उतरा आणि एकाच संथ वेगाने पुढे जा. बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे बोनेटखाली पाणी जरा खाली राहतं. जोरात घुसलात, तर तेच पाणी उसळून फिल्टरकडे जातं.

तरीही गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारू नका. आधी गाडी ओढून बाहेर काढा आणि फिल्टर उघडून पाहा. कागद ओला असेल तर डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावं लागतं, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतं. इंटरकूलरमध्येही पाणी साचतं, तोही रिकामा करा.

एक्सल आणि गिअरबॉक्सही श्वास घेतात. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. म्हणून ब्रीदरच्या नळ्याही उंच नेऊन बांधतात. घरी आल्यावर एक्सलचं ऑइल दुधाळ दिसलं, तर बदलून टाका आणि नळी कुठे सुटली आहे ते शोधा.