घास उतरला, पण श्वासाचं काय?

परंडा आणि भूम हे तालुके धाराशिव जिल्ह्यातले, पण कर्करोगाच्या उपचारांसाठी इथली माणसं पूर्वीपासून बार्शीला जातात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा बार्शीबरोबर या दोन तालुक्यांतली गावंही तिच्यात होती.

तिथं जाणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे रुग्णही असतात. या आजारात आधी भाकरी अडते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. गाठ काढण्यापलीकडे गेली असेल, तर दुर्बिणीतून धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. पेज उतरू लागली की घरचे विचारतात, ‘आता अण्णांना भाकरी द्यायची का?’ कुस्करून, दुधात भिजवून थोडी देता येते. पण त्या दिवसांत ताटाइतकंच लक्ष श्वासाकडे हवं, आणि हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

स्टेंट मिटलेला आत जातो आणि हळूहळू फुलतो. पूर्ण उघडायला दोन-तीन दिवसही लागतात. मान आणि छातीच्या वरच्या भागात अन्ननलिकेच्या अगदी पुढ्यात श्वासनलिका असते. तिच्या कूर्चेची कडी घोड्याच्या नालेसारखी, मागून उघडी. ती मागची भिंत मऊ असते. गाठीने आधीच रेटलेल्या या भिंतीवर फुलणाऱ्या स्टेंटचा दाब आला, की श्वासाची वाट अरुंद होते. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते, माणूस आडवा होऊ शकत नाही. हे कधी टेबलावरच घडतं, कधी घरी आल्यावर. अशा वेळी स्टेंट काढावा लागतो किंवा श्वासनलिकेतही स्टेंट बसवावा लागतो.

म्हणून गाठ वरच्या किंवा मधल्या भागात असेल, तर आधी सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे श्वासनलिकेची दुर्बीण तपासणी करतात. वाट अरुंद दिसली तर आधी श्वासनलिका सुरक्षित करायची, मग अन्ननलिकेचं पाहायचं. ‘श्वासनलिका तपासली का?’ हे नातेवाइकांनी बेधडक विचारावं.

दुसरा धोका आठवड्यांनी, महिन्यांनी येतो. गाठ वाढून किंवा स्टेंटची कड घासून दोन्ही नळ्यांमध्ये भोक पडतं. मग पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका लागतो, कफातून अन्न येतं, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा उलटतो. ‘घाईत प्यायले’ म्हणून तो ठसका सोडून देऊ नये. तोंडावाटे देणं थांबवून रुग्णालय गाठावं. असं भोक बरेचदा आवरण असलेला स्टेंट बसवूनच झाकतात.

स्टेंट जठराच्या तोंडापाशी असेल, तर आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येऊनही खोकला होतो. त्यासाठी उशाकडची बाजू उंच ठेवतात आणि जेवल्याबरोबर झोपू देत नाहीत.

रात्री गावात धाप लागली, तर १०८ला फोन करताना ‘अन्ननलिकेत स्टेंट आहे, अमुक दिवशी बसवला’ हे आधी सांगावं आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावं. नाहीतर जवळचा डॉक्टर दमा समजून वाफ देत बसतो आणि मोलाचे तास तिथंच जातात.