यवतमाळहून परदेशी, चिमुकल्यांसह

यवतमाळ जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. अर्जासोबत आईवडिलांच्या सहीचे संमतिपत्र जोडतात. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. विमानात दोन वर्षांखालचे मूल मांडीवर बसू शकते.

मुलांसह सिंगापूरला जाणार असाल, तर वेळेतला फरक लक्षात घ्या: सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. तिथे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा यवतमाळात दिवेलागण होत असते, त्यामुळे पहिल्या रात्री मुले लवकर झोपत नाहीत आणि सकाळी साडेसातला उठवणे म्हणजे त्यांच्यासाठी पहाटेचे पाच. म्हणून १९९४ पासून सुरू असलेली, अंधार पडल्यावर भरणारी तिथली नाइट सफारी (रात्रीचे प्राणिसंग्रहालय) पहिल्याच दिवशी ठेवणे उत्तम. सकाळी लवकर निघण्याची स्थळे दोन दिवसांनंतर घ्यावीत.