सूत्रधाराची वही

चार-सहा माणसे मेजाभोवती बसलेली असतात. समोर काही कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे. त्यांतील एक जण सांगू लागतो : ‘तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात. समोर गुहेचे तोंड आहे. आतून धुराचा वास येतो आहे. तुम्ही काय करता?’ बाकीचे आपापसांत मसलत करतात. एक जण आत शिरू म्हणतो, दुसरा आधी टेहळणी करू म्हणतो, तिसऱ्याला मशाली किती उरल्या आहेत याची चिंता असते. निर्णय ते घेतात. त्याचे फळ काय, ते पहिला माणूस सांगतो. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो.

या खेळात कोणी कोणाला हरवत नाही आणि एका बैठकीत तो संपतही नाही. आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे तो चालू राहतो. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण मात्र सूत्रधार असतो. पात्रे ज्या जगात वावरतात ते जग रचण्याचे काम त्याचे. एका साहसाचा आराखडा त्याला करावा लागतो आणि अशा अनेक साहसांची मिळून होणारी प्रदीर्घ मोहीमही त्यालाच पेलावी लागते. या रचनेचे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत घडले. वरवर ते कल्पनाविलासाचे वाटते. जवळून पाहिले तर त्यात हिशेबाचा भाग फार मोठा आहे.

प्रशियापासून लेक जिनिव्हापर्यंत

या खेळाचे मूळ युद्धपटात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर लढाई मांडण्याची पद्धत सुरू झाली. लेफ्टनंट राइसवित्झ यांनी तिचे नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांखेरीज एक पंच असे. खेळणाऱ्यांनी आज्ञा द्यायच्या आणि परिणाम पंचाने ठरवायचा, ही विभागणी तेव्हाची.

पुढचे पाऊल अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पडले. डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. नेहमीप्रमाणे सैन्याच्या तुकड्या न वाटता त्यांनी खेळाडूंना माणसे वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यापीठाचा कुलपती, कोणी पेढीवाला. ठरवलेली लढाई बाजूलाच राहिली आणि प्रत्येक जण आपापले डाव खेळू लागला. खेळ फसला, असे वेस्ली यांना वाटले. खेळणाऱ्यांना मात्र तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी हीच कल्पना घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाचे किल्ले, भुयारे आणि राक्षस यांचे जग उभे केले.

विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स राहत. विमा कंपनीत जोखमीचे मूल्यमापन करणे हा त्यांचा व्यवसाय. १९७० मध्ये नोकरी गेली आणि ते घरी पादत्राणांची दुरुस्ती करून प्रपंच चालवू लागले. युद्धपटांचे नियम लिहिण्याचा छंद मात्र सुटला नाही. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन आपला खेळ दाखवला. गायगॅक्स यांनी लगोलग ‘ग्रेहॉक’ नावाच्या गडाखालची भुयारे आखली. त्यांत प्रथम उतरली ती त्यांचीच दोन मुले.

१९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी भागीदारीत ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही संस्था काढली. के यांनी आपला वाटा आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून भरला. छपाईला पैसा कमी पडला तेव्हा ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार २००० डॉलर घेऊन आले. जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ च्या १००० प्रती निघाल्या. तीन पुस्तिका, एक खोका, किंमत १० डॉलर. खोके घरीच भरले जात. वर्षभरात माल संपला.

गढी, गुहा आणि पेढी

साहसाची रचना कशी करावी, याचा वस्तुपाठ म्हणून गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या पुस्तिकेकडे आजही पाहिले जाते. नव्या सूत्रधारांना शिकवण्यासाठी १९७९ च्या सुमारास ती लिहिली गेली आणि खेळाच्या प्राथमिक संचाबरोबर दिली जाऊ लागली. तिची मांडणी साधी आहे. सरहद्दीवर एक गढी, तिच्याभोवती रान आणि रानापलीकडे गुहांनी पोखरलेली एक घळ. गढी म्हणजे सुरक्षितता, गुहा म्हणजे धोका आणि लाभ. मधले रान ओलांडल्याशिवाय एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. अवघे राज्य रंगवत न बसता नव्या सूत्रधाराने एवढेच छोटे जग नीट उभे करावे, ही पहिली शिकवण.

गढीत सराय आहे, व्यापाऱ्याचे दुकान आहे आणि एक पेढीसुद्धा आहे. पेढीचे नियम पुस्तिकेत स्पष्ट दिले आहेत. नाणी किंवा रत्ने बदलून घ्यायची तर १० टक्के वटणावळ. ठेव किमान एक महिना ठेवली तर सांभाळण्याचे शुल्क नाही. त्याआधी उचलली तर १० टक्के. कर्जाला दरमहा १० टक्के व्याज. पाच सुवर्णनाण्यांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे कर्जाच्या किमान दुप्पट किमतीची वस्तू गहाण ठेवावी लागते. राक्षसांच्या खेळात ही कलमे कशाला, असा प्रश्न पडेल. पण याच कलमांमुळे गुहेतून आणलेल्या सोन्याला अर्थ येतो. ते कुठे ठेवायचे, किती घटणार, दोर आणि मशाली घेण्यासाठी उसनवारी करायची का, हे प्रश्न उभे राहतात आणि काल्पनिक जग खरे वाटू लागते.

सरायीत अफवा कानावर येतात. त्यांची यादी सूत्रधाराजवळ असते. काही खऱ्या, काही खोट्या. ‘ब्री-यार्क’ या गॉब्लिनांच्या शब्दाचा अर्थ ‘आम्ही शरण आलो’ असा आहे, ही त्यांतील एक खोटी अफवा. गुहेत ती आरोळी खरोखर ऐकू येते, तेव्हा ती आपल्या लोकांना धोक्याचा इशारा असते. ऐकीव बातमीवर भिस्त ठेवणाऱ्याने तलवार म्यान केलेली असते आणि समोरून मदतीची कुमक येते.

गुहांत राहणाऱ्या टोळ्यांचेही आपापसांत व्यवहार आहेत. गॉब्लिन संकटात सापडले की शेजारच्या धिप्पाड ऑगरकडे २५० सुवर्णनाण्यांची थैली फेकतात आणि तो त्यांच्या बाजूने लढायला येतो. त्याला पूर्वी इतर टोळ्यांनीही पैसे चारून आपल्याकडे वळवले आहे. खेळाडूंना हे कळले तर गुहेचा सगळा नकाशाच बदलतो. जो सामर्थ्याने हटणार नाही तो मोबदल्याने हटू शकतो. काय करावे, हे पुस्तिका सांगत नाही. ती फक्त कोणाला काय हवे आहे आणि कोणाला कशाची भीती आहे, एवढे मांडून ठेवते.

ज्याला गुण, त्याची वाढ

हा खेळ ऐकणाऱ्या पालकाच्या मनात पहिली शंका येते ती मारामारीची. तिचे उत्तर जुन्या नियमांच्या हिशेबात सापडते. १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात एका गॉब्लिनवर मात केल्याबद्दल ५ गुण मिळत. उलट, संपत्ती सुखरूप बाहेर आणली तर प्रत्येक सुवर्णनाण्याला १ गुण. योद्ध्याला दुसरी पायरी गाठण्यासाठी २००० गुण लागत. केवळ लढूनच ते मिळवायचे तर ४०० गॉब्लिन हवेत, आणि नवखा योद्धा गॉब्लिनाच्या एक-दोन घावांतच कोसळू शकतो. शहाण्या खेळाडूला उमगे की लढाई हा सर्वांत महाग मार्ग आहे. म्हणून तो बोलणी करी, वाट बदली, वेळीच मागे फिरे.

भेटणारा प्रत्येक जीव शत्रू असलाच पाहिजे, असेही नव्हते. त्याचा कल ठरवण्यासाठी सूत्रधार दोन फासे टाकी. बेरीज २ आली तर तत्काळ हल्ला, १२ आली तर उत्साहाने मैत्री. ६ ते ८ आली तर समोरचा संभ्रमात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी तत्काळ हल्ल्याच्या वाट्याला एकच येते आणि संभ्रमाच्या वाट्याला १६. म्हणजे पुष्कळदा पुढचे सारे खेळाडूच्या वागण्याबोलण्यावर अवलंबून राही.

१९८९ च्या आवृत्तीत सोन्याबद्दलचे गुण ऐच्छिक झाले आणि खेळाचा झोक लढाईकडे वळला. खेळाडू तेच, फासे तेच; गुणांचा रकाना बदलला आणि वागणूकही बदलली. मोहीम रचणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारण्याचा प्रश्न हाच : आपण गुण कशाला देतो आहोत? ज्या दुकानात केवळ विक्रीच्या आकड्यावर बक्षीस मिळते तिथे उधारीच्या वसुलीकडे कोण पाहणार, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

वेळ आणि वजन

दुसरा हिशेब वेळेचा. मोहिमेतील दिवसांची काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय मोहिमेला अर्थ उरत नाही, असे गायगॅक्स यांनी सूत्रधारांसाठीच्या १९७९ च्या ग्रंथात निक्षून लिहिले आहे. मशाल एका तासात विझते. शिधा संपतो. जखमा भरायला दिवस लागतात आणि त्या दिवसांत गुहेतली टोळीही स्वस्थ बसत नाही. ती पहारे वाढवते किंवा मुक्काम हलवते. सोन्यालाही वजन असते. दहा नाण्यांचा एक पौंड. हाव धरून पोते भरले की पाय जड होतात आणि पाठलाग करणारा जवळ येतो. या बारीक नोंदी कंटाळवाण्या वाटतात, पण त्यांच्यामुळेच ‘आणखी एक दालन पाहू की परत फिरू’ हा प्रश्न श्वास रोखायला लावतो.

कथा कोणाची?

१९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसांची मालिका निघाली. तिच्यामागे भव्य कथा होती आणि तिच्यावरच्या कादंबऱ्याही गाजल्या. परंतु कथा पुढे न्यायची तर ठरलेली पात्रे ठरलेल्या वेळेपर्यंत जिवंत राहायला हवीत. म्हणून एखादे पात्र मरणारच असेल तर मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे ते पुढे परत आणता येईल, अशी सूचना सूत्रधाराला देण्यात आली. वाचकाला अशी कथा रंजक वाटते. खेळाडूच्या मात्र हळूहळू ध्यानात येते की आपण उजवीकडे वळलो काय किंवा डावीकडे, पोहोचणार एकाच ठिकाणी. मग तो निर्णय घेणे सोडतो आणि ऐकत बसतो.

म्हणूनच अनुभवी सूत्रधार शेवट लिहून ठेवत नाही. परिस्थिती, माणसे, त्यांच्या गरजा, दिवसांची नोंद आणि गुणांचा नियम एवढे तो तयार ठेवतो आणि बाकीचा कागद कोरा सोडतो. सरहद्दीच्या त्या पुस्तिकेत एक आख्खी गुहा मुद्दामच रिकामी आहे. ती ज्याची त्याने रचायची. गढीतील माणसांचे हुद्दे दिलेले आहेत, पण नावे नाहीत.

न मांडलेली शक्यता

या शास्त्राच्या जनकाची स्वतःची कहाणी व्यापारी घरांना विचार करायला लावणारी आहे. पहिल्या प्रती विकल्या गेल्यावर थोड्याच दिवसांत, ३१ जानेवारी १९७५ रोजी, डॉन के हृदयविकाराने गेले. वय अवघे ३६. त्यांचा हिस्सा पत्नीकडे गेला. तो विकत घेऊन धंदा वाढवायचा तर भांडवल हवे होते आणि गायगॅक्स यांच्याजवळ ते नव्हते. नव्या कंपनीत ब्लूम यांच्या वडिलांचा पैसा आला आणि खेळाचे सहजनक स्वतःच्या कंपनीत अल्पमतात गेले. आर्नेसन यांनाही मानधनासाठी १९७९ मध्ये न्यायालयात जावे लागले. १९८१ मध्ये तडजोड झाली. १९८५ मध्ये ब्लूम बंधूंनी आपले भाग विकले आणि कंपनीचा ताबा गायगॅक्स यांच्या हातून कायमचा गेला. १९९७ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १९९९ मध्ये त्या कंपनीला खेळण्यांच्या धंद्यातील बलाढ्य हॅस्ब्रोने. गायगॅक्स २००८ मध्ये निवर्तले, आर्नेसन २००९ मध्ये.

जोखमीचे मोजमाप करणे हा ज्यांचा व्यवसाय होता, मशालीच्या तासाचा आणि नाण्याच्या वजनाचा हिशेब ज्यांनी जगाला शिकवला, त्यांच्या भागीदारीला एका माणसाचे जाणे झेपले नाही. तिशीतल्या मित्रांच्या मनात मृत्यूचा विचार येत नाही. भागीदारीच्या कराराने तो करायचा असतो : एक भागीदार गेला तर त्याच्या घरच्यांना रक्कम कशी मिळेल आणि धंद्याचे सुकाणू कोणाच्या हाती राहील, हे सगळे हयात आणि एकदिलाने असतानाच लिहून ठेवायचे असते.

सरहद्दीच्या गढीतल्या पेढीवाल्याला आजही नाव नाही. कुठल्याशा घरात, सुटीच्या संध्याकाळी, एखादा मुलगा ती पुस्तिका उघडतो, त्याला स्वतःच्या मनाचे नाव देतो आणि समोरच्या चौघांना विचारतो : ‘तारण काय ठेवता?’