वडिलांचा लेहरा

तबला शिकणाऱ्याची खरी अडचण बोटांची नसते, पेटीवाल्याची असते. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच धून. ती कुणीतरी पेटीवर तासभर घोळवीत राहायची, आणि तिच्या आधाराने आपण कायदे, तुकडे वाजवून समेवर यायचे. असा सोशिक माणूस रोज संध्याकाळी आणायचा कुठून? चांदवडच्या आमच्या घरी तो वडिलांच्या रूपाने आयताच होता.

न्यूयॉर्कच्या ‘म्युझिक मायनस वन’ने १९५० सालीच यावर तोड काढली होती : एक वाद्य वगळून बाकीची साथ तबकडीवर, रिकामी जागा तुम्ही घरबसल्या भरा. आपल्याकडे बंगळूरच्या जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या अभियंत्याने १९७९ साली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी केली. मागून यंत्रातला तबला आणि लेहराही आला. पण आमच्या घरी १९८७ साली होता फक्त एक टेपरेकॉर्डर.

माझी परीक्षा तोंडावर आली आणि वडिलांना पंधरा दिवस परगावी जाणे भाग पडले. आदल्या रात्री त्यांनी चंद्रकंसातला लेहरा कॅसेटवर भरून दिला. तबला टेपमध्ये उतरू नये म्हणून मी समोर बसून मांडीवरच बोटे वाजवीत होतो. तिहाईपाशी नेहमीप्रमाणे अडखळलो, तशी वडिलांनी पेटी किंचित रेंगाळवली.

पंधरा दिवस मी त्या कॅसेटवर इमानाने घासले. परीक्षेला नाशकास गेलो. तिथला पेटीवाला अनोळखी. तो कशाला थांबतो? सम त्याची आधी आली, माझी मागाहून! परीक्षक म्हणाले, “तिहाईला लय पडते तुझी.” पडत नव्हती, मी ती तशीच पाठ केली होती!

आज माझा मुलगा मोबाइलवर लेहरा लावतो. हवा तो स्वर, हवी ती लय. केसाचाही फरक नाही. शिकायला हेच बरे, असे माझे प्रामाणिक मत आहे. वडील आता नाहीत. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती कॅसेट सापडली, आणि मुलगा हौसेने तिच्यावर वाजवायला बसला. तिहाईपाशी चमकून त्याने हात उचलला.

“बाबा, आजोबा इथे चुकले का हो?”

“नाही रे, माझ्यासाठी थांबले.”

त्याने टेप मागे फिरवली. या खेपेस त्या जागी तोही थोडा थांबला.